सुगरणीचं घरटं बघायचं तर अर्धवट असताना बघा

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकलेली लांब नळीची घरटी सगळ्यांच्या नजरेत भरतात. फोटो त्यांचेच निघतात आणि शोभेला म्हणून तोडून नेली जातात तीही तीच. पण सुगरणीच्या वसाहतीत पाहण्यासारखं जे आहे ते बहुतेक सगळं अर्धवट घरट्यांवर घडतं. पक्षी विणतो कसा, मादी निवडते कशी, घरटं फसतं का, याची उत्तरं तिथे दिसतात. नळी पूर्ण झाली की आतलं सगळं झाकलं जातं आणि बाहेरून दिसते ती फक्त मादीची ये-जा.

म्हणून आधी वेळ साधा. मार्च-एप्रिलपर्यंत नर आणि मादी दोघंही चिमणीच्या मादीसारखे मातकट दिसतात, थव्यात वेगळे ओळखू येत नाहीत. पावसाच्या तोंडावर नराचा रंग पालटतो. डोक्यावर आणि छातीवर झळझळीत पिवळा, गाल आणि गळा गडद तपकिरी, चोच काळपट. मादी तशीच मातकट राहते. महाराष्ट्रात विणीचा मुख्य काळ जून ते सप्टेंबर. पाऊस लांबला तर घरटीही लांबतात आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. विणायला लांब, हिरवी, लवचीक पाती लागतात आणि ती पाऊस पडून गवत गुडघ्याच्या वर आल्याशिवाय मिळत नाहीत. ज्या शिवारात शिंदी, ताड किंवा ऊस आहे तिथे पावसाची इतकी वाट बघावी लागत नाही.

जागा शोधताना तीन गोष्टी एकत्र कुठे आहेत ते बघा: पाणी, धान्याचं किंवा गवताचं रान, आणि काटेरी किंवा वर चढायला अवघड झाड. देशावर बाभूळ, कोकणात ताड, माड, शिंदी. विजेच्या आणि टेलिफोनच्या तारांवरही वसाहती होतात. एका झाडावर वीस-तीस घरटी असणं नेहमीचं. बऱ्याच ठिकाणी ती झाडाच्या पूर्वेच्या बाजूला जास्त दिसतात, कारण नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा झाडाच्या आडोशाने थोडा मोडतो. हा काही अटळ नियम नाही. पाण्यावर आलेली फांदी पश्चिमेला असेल तर घरटी तिकडेही होतात. पण पूर्वेची बाजू असेल तर बघणाऱ्याचा फायदा होतो. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसता येतं आणि उजेड थेट घरट्यांवर पडतो.

पाती फाडण्यापासून सुरुवात

झाडाखाली जाण्याआधी शेजारच्या गवतात पंधरा मिनिटं घालवा. नर उभ्या पात्यावर बसतो, कडेला चोचीने एक खाच पाडतो, ती कड चोचीत घट्ट धरतो आणि उडतो. उडण्याच्या झटक्याने पात्याची लांब धांदोटी शिरेला धरून फाटत जाते. हे जमतं ते गवत, भात, ऊस, ताड-माड यांच्या पात्यांत शिरा एकमेकींना समांतर धावतात म्हणून. आंब्याच्या किंवा वडाच्या पानातून अशी धांदोटी निघणारच नाही, शिरांच्या जाळ्यात ती चार बोटांवर तुटेल. खाच खोल पडली तर धांदोटी रुंद आणि जड निघते, उथळ पडली तर मध्येच तुटते. नव्या नरांच्या हातून, म्हणजे चोचीतून, हे सारखं होताना दिसतं.

धांदोट्या साधारण २० ते ६० सेंटिमीटर लांब असतात आणि एका पूर्ण घरट्यासाठी नराच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. प्रत्येक धांदोटी ताजी असतानाच विणली जाते. वाळलेली पाती वाकवली की मोडते, तिची गाठ बसत नाही. ओली असताना ती हवी तशी वळते आणि वाळल्यावर त्याच वळणात कडक होऊन बसते. घरटं घट्ट राहतं ते या क्रमामुळे. शिवाय गवताच्या पात्यांच्या कडांना बारीक दाते असतात, बोट फिरवलं तर लागतात. ते एकमेकांत अडकतात आणि विणीला आणखी पकड देतात.

या हिरवेपणाचा बघणाऱ्यालाही उपयोग आहे. आज विणलेला भाग हिरवागार असतो, चार-पाच दिवसांत तो पिवळट आणि मग गवती तपकिरी होतो. लांबूनही कळतं की या घरट्यावर काम चालू आहे की ते सोडून दिलंय, आणि चालू असेल तर नेमकं कुठे. पूर्ण तपकिरी टोपावर एकच हिरवा पट्टा दिसला तर नर परत आला आहे, किंवा नवा नर जुन्याचा ताबा घेतोय.

गाठ, कडी, टोप

पहिली गाठ बघायला मिळणं हे नशीब, पण वसाहत सुरू होत असताना गेलात तर मिळते. नर बारीक, लवचीक डहाळीच्या टोकाजवळ बसतो. धांदोटीचं एक टोक पायाखाली दाबून धरतो, दुसरं चोचीने डहाळीभोवती फिरवतो आणि आधीच्या वेढ्याखालून ओवून ओढतो. ओवताना चोच टोक पलीकडे ढकलते, मग डोकं दुसऱ्या बाजूने नेऊन तेच टोक पकडून ताणते. ढकलणं, पकडणं, ताणणं. पुढचं सगळं घरटं या तीन हालचालींतून तयार होतं. साधे वेढे, फासे, अडकवलेले फास, खालून-वरून विण, असे प्रकार उकललेल्या घरट्यात सापडतात.

इथेच पहिलं अपयश येतं. डहाळी फार गुळगुळीत असेल किंवा पहिले वेढे सैल बसले तर सगळा गुंडा खाली सरकतो. वाळकी डहाळी असेल तर ती पुढे घरट्याच्या ओल्या वजनाने मोडते. बाभळीच्या काट्यांमध्ये वेढे अडकतात म्हणून तिथे गाठ लवकर पक्की होते. ताडा-माडाच्या पात्याच्या टोकाला बांधायचं तर आधी लांब देठ विणून घ्यावा लागतो. तारेवरच्या घरट्यातही हा देठ ठळक दिसतो.

देठाखाली येते कडी. पक्षी मावेल एवढं उभं वर्तुळ, त्यात नर बसतो आणि बसल्या जागेवरून विणतो. ही कडी म्हणजे साऱ्या घरट्याचं माप आहे. आत बसून चोच जिथवर पोचते तिथवर भिंत येते, त्यामुळे घरट्याचा घेर पक्ष्याच्या शरीरावर बेतलेला असतो. कडीच्या वरच्या भागातून दोन्हीकडे छप्पर उतरत जातं आणि साधारण आठव्या दिवसापर्यंत टोप तयार होतो: वर घुमट, खाली मोकळं, आणि मधून आडवा जाणारा कडीचाच खालचा भाग. हा आडवा पट्टा नीट बघून ठेवा. पुढे मादी त्यावर येऊन बसणार आहे आणि त्यानंतर तोच घरट्याच्या आतला उंबरा होणार आहे.

टोपाच्या आतल्या बाजूला नर ओल्या मातीचे किंवा शेणाचे गोळे लावतो. त्यात काजवे चिकटवून सुगरण घरात दिवा लावते, ही समजूत गावोगावी ऐकू येते. मातीत काजवे नसतात. माती कशासाठी, यावर पक्षी अभ्यासकांत मतं वेगवेगळी आहेत. हलक्या टोपाला वजन देऊन वाऱ्यात स्थिर ठेवण्यासाठी, हे मला त्यातलं सर्वांत पटणारं. माती लावली जाते तेव्हा घरटं सर्वांत हलकं आणि खालून सर्वांत उघडं असतं. पडलेलं घरटं हातात घेतलंत तर छपराच्या आतल्या अंगाला वाळलेले गोळे बोटांना लागतात.

टोपावर थांबलेलं काम

आता काम थांबतं आणि नवखे लोक इथे कंटाळून निघून जातात. खरं तर इथून पुढचा तास सोडू नये. टोप तयार झाला की नर तो पुढे नेत नाही. टोपाखाली उलटा लटकतो, पंख जोरात फडफडवतो आणि चिट-चिट करत शेवटी लांब सूर लावतो. मादी झाडाजवळ आली की एकाच वेळी वसाहतीतले सगळे नर हे करू लागतात. झाडावर एकदम गोंधळ उठतो. तो उठला की समजा, मादी आली आहे, आणि दुर्बीण टोपांवर फिरवा.

मादी एका टोपात शिरते, आडव्या पट्ट्यावर बसते, आतल्या धांदोट्या चोचीने ओढून बघते. बहुतेक वेळा ती निघून जाते. कधी पाच-सहा टोप बघून एकही घेत नाही. अभ्यासांतून असं दिसलं आहे की मादीच्या पसंतीत विणीच्या सुबकतेपेक्षा जागेचा वाटा मोठा असतो: उंचावरचं, बारीक फांदीच्या टोकाचं घरटं तिला जास्त पटतं. हे बघताना वाईट वाटतं खरं, कारण नीटनेटका टोप बुंध्याजवळ आहे म्हणून नाकारला जातो आणि टोकाचा ओबडधोबड टोप स्वीकारला जातो. पण अंडी-पिल्लांच्या दृष्टीने तिचा हिशोब बरोबर आहे. सापाला, सरड्याला, उंदराला जाड फांदीवरून चालत येता येतं. लवणाऱ्या बारीक टोकावर ते अवघड होतं.

नाकारलेला टोप वाळत जातो. ताजा हिरवा टोप आणि जुना तपकिरी टोप यांत नर पुन्हा ताज्यावर मेहनत घेतो, कधी जुना तोडून टाकतो, कधी त्याच्याच खाली नवी कडी लावतो. दोन-तीन घरटी एकाखाली एक लोंबताना दिसतात ती अशी झालेली असतात.

पूर्वी अर्धवट घरट्यांबद्दल असा समज होता की ती नराला बसायला, झोके घ्यायला असतात. हा समज बदलला तो अलिबागजवळच्या किहीम गावी. सालिम अली तिथे राहत असताना १९३० मध्ये त्यांनी सुगरणीची वसाहत सलग बघितली आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते निरीक्षण छापलं. एका नराची एक मादी टोपात स्थिरावली की तो घरटं पूर्ण करतो आणि लगेच दुसरा टोप बांधायला घेतो, त्यात दुसरी मादी येते, मग तिसरा. म्हणजे अर्धवट टोप हे पुढच्या मादीसाठी मांडून ठेवलेलं काम असतं. यासाठी त्यांना कुठल्याही मोठ्या उपकरणाची गरज पडली नाही. रोज तेच झाड, तीच घरटी आणि प्रत्येक घरट्याची वेगळी नोंद, एवढ्यावर ते उभं राहिलं.

स्वीकारल्यानंतर

मादी टोपात पुन्हा पुन्हा येऊ लागली, जास्त वेळ बसू लागली आणि आलेल्या दुसऱ्या मादीला हुसकू लागली, की समजा ठरलं. आता नराचा वेग एकदम वाढतो. आडव्या पट्ट्याच्या एका बाजूला तो खालून तळ बंद करत आणतो, ते होतं अंडघर. दुसरी बाजू खालीच मोकळी राहते आणि तिथून नळी उतरू लागते. पट्टा आता दोन्हींच्या मधला उंबरा झालेला असतो. वाऱ्याने घरटं कितीही हेलकावलं तरी अंडी या उंबऱ्यामुळे नळीतून घरंगळत नाहीत. घरट्याच्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट मी हीच मानते, आणि ती बाहेरून कधीच दिसत नाही.

नळी बारीक धांदोट्यांची, वीतभरापासून हातभर लांब. तिचं खालचं तोंड सैल, जवळजवळ सुटं ठेवलेलं असतं. पक्षी खालून वेगाने थेट आत घुसतात. ज्याला धरून चढायचं आहे त्याला मात्र त्या सैल टोकाला पकड मिळत नाही. नळीचं काम मादी आत बसायला लागल्यावरही चालू राहू शकतं, तेव्हा आखूड नळी दिसली म्हणजे घरटं रिकामं असं धरू नका. एकंदर बांधकाम सुमारे १८ दिवसांचं. आतल्या भागाची शेवटची डागडुजी मादीही करते.

अंडी पांढरी, दोन ते चार. मादी १४ ते १७ दिवस उबवते, पिल्लं आणखी सुमारे १७ दिवसांनी बाहेर पडतात. यावरून हिशोब लावता येतो: टोप स्वीकारल्याची तारीख टिपली तर त्यापुढे साधारण दीड महिना त्या घरट्याकडे लक्ष ठेवायचं. मादी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही तर उबवणं चालू आहे. चोचीत अळ्या, नाकतोडे घेऊन येऊ लागली तर पिल्लं निघाली आहेत. मोठे पक्षी दाणे खाणारे असले तरी पिल्लांना किडे भरवतात. नर कधी भरवायला मदत करतो, पण बहुतेक वेळा तो पुढच्या टोपावर फडफडत असतो.

काय बिघडतं

सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे चोरी. नर पाती आणायला गेला की शेजारचा नर येऊन त्याच्या ताज्या, अजून न अडकलेल्या धांदोट्या उपसून नेतो. ज्याला गवत आणायला दूर जावं लागतं त्याला फेऱ्यांना वेळ लागतो आणि त्याचं घरटं जास्त लुटलं जातं. म्हणून काही टोप आठ-दहा दिवस तेवढेच राहतात. काम होत असतं, पण रोज तितकंच जातही असतं.

कावळा छपरालाच चोच घालतो. वरून फाडलेलं घरटं दिसलं तर बहुधा त्याचं काम. सरडा आणि झाडउंदीर आतून नुकसान करतात, बाहेर खूण राहत नाही, फक्त मादीचं येणं थांबतं. सोडलेल्या घरट्यात झाडउंदीर स्वतःचं बिऱ्हाड करतो. जोराच्या वादळी पावसात पाणी धरून जड झालेली घरटी देठापाशी तुटतात. पाण्यावरची घरटी पडली की पिल्लं वाचत नाहीत.

आणि मग आपण. विहिरी बुजतात, बांधावरची बाभूळ तुटते, तारांची सफाई ऐन ऑगस्टमध्ये निघते. तारेवरच्या वसाहतीचं काम हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलायला सांगणं हे गावात एखाद्याने जाऊन बोलल्याने होऊ शकतं, त्यासाठी मोठी चळवळ लागत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं गुन्हा आहे, हेही तेव्हा सांगावं.

नोंद कशी ठेवायची

वसाहतीपासून वीस-पंचवीस मीटरवर बसा. नर तुमच्याकडे तोंड करून ओरडू लागले किंवा पात्या घेऊन झाडाबाहेरच घिरट्या घालू लागले तर तुम्ही जवळ आहात, मागे सरका. ८×४२ ची दुर्बीण पुरते. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत काम जोरात असतं, दुपारी मंदावतं, ऊन उतरल्यावर पुन्हा थोडं वाढतं.

वहीत झाडाचा ढोबळ नकाशा काढा, फांद्यांना अक्षरं आणि घरट्यांना आकडे द्या. अवस्थेसाठी ‘गा’, ‘क’, ‘टो’, ‘अं’, ‘न’ एवढी चिन्हं पुरतात: गाठ, कडी, टोप, अंडघर, नळी. शेजारी रंग, हिरवा की तपकिरी. एक दिवसाआड गेलात तरी चालेल, पण रविवारीच जाऊन भागणार नाही; आठवड्यात एक टोप स्वीकारला जाऊन बंदही होऊन जातो आणि मधला सगळा भाग हुकतो. कोणता नर कोणाचा, हे रंगावरून कळत नाही. एका फांदीकडे वीस मिनिटं बघत राहा. ज्या दोन-तीन टोपांवर एकच नर आळीपाळीने येतो आणि दुसऱ्याला हाकलतो, ते त्याचे. वसाहतीच्या कडेला मातकट रंगाचे पक्षी वेडेवाकडे वेढे घालताना दिसले तर ते बहुधा लहान नर आहेत, सराव करणारे. विणणं थोडं जन्मजात असलं तरी सफाई सरावाने येते. आफ्रिकेतल्या एका विणकर जातीच्या पिल्लांना निकोलस आणि एल्सी कोलियास या पक्षी अभ्यासक दांपत्याने विणायचं साहित्यच न देता वाढवलं, तेव्हा ती पुढे विणण्यात मागे पडली.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडाखाली पडलेलं घरटं मिळालं तर तेवढंच उचला. आधी काठीने हलवून मुंग्या किंवा उंदीर नाहीत ना ते बघा, मग धारदार कात्रीने देठापासून नळीपर्यंत उभं कापा. जाड देठ, छपरातले मातीचे गोळे, उंबरा, दाट तळ, पातळ नळी एका नजरेत दिसतात. नंतर हात साबणाने धुवा. झाडावरची जुनी घरटी मात्र राहू द्या. मुनिया त्यांत रात्री मुक्काम करतात, कधी अंडीही घालतात, आणि पुढच्या जूनमध्ये एखादा नर त्यातल्याच एकाच्या टोकाला हिरवी कडी लावतो.